पूर्वेस रस्ता, पश्चिमेस भिंत

नोटीस आली तेव्हा पेंटरकाका चक्क हसले. रजिस्टर पोस्टाने आलेलं जाड पाकीट, त्यावर कुणा वकिलाचा शिक्का, आत चार पानं. चार पानांचं सार एवढंच की, आपण सदनिका क्रमांक ३०१ चे मालक असून गेली सत्तावीस वर्षं सदनिका क्रमांक ३०२ मध्ये बेकायदा राहत आहात, तरी ती तीस दिवसांत रिकामी करून आमच्या अशिलाच्या ताब्यात द्यावी. काका नोटीस घेऊन उठले, दार उघडून बाहेर जिन्यात उभे राहिले आणि आपल्याच दाराकडे पाहिलं. तिथे ३०१ होतं. तपकिरी दारावर पिवळ्या इनॅमलने, त्यांच्याच हाताने रंगवलेलं, दर चार-पाच वर्षांनी वरून हात फिरवलेलं.

"लोकांना वाचता येत नाही," ते आत येऊन म्हणाले, "आणि वकील होतात."

काकू खिडकीपाशी बसल्या होत्या. "काय म्हणतायत?"

"आपण म्हणे समोरच्या घरात राहतो."

"मग तुम्ही काय सांगणार?"

"काय सांगायचंय? दार दाखवणार."

काकू यावर काही बोलल्या नाहीत. काकांनीही त्याचा फारसा विचार केला नाही. लग्नाला अडतीस वर्षं झालेल्या माणसाला बायकोचं गप्प बसणं ऐकू येईनासं होतं.

पेंटरकाकांचं खरं नाव त्या सहा घरांच्या इमारतीत फार तर दोघांना ठाऊक असेल. पाट्या रंगवणं हा त्यांचा धंदा. दवाखाने, सलून, शिकवण्या, शिंप्यांची दुकानं, 'फाटकासमोर गाडी लावू नये' लिहिलेल्या भिंती, असं चाळीस वर्षांचं काम गावभर उन्हात वाळत पडलेलं होतं. छापील फलकांनी पुढे धंदा बराचसा खाल्ला. तरी आठवड्यातून दोन दिवस कुठलं ना कुठलं काम निघायचंच, आणि काका डबे-ब्रश घेऊन निघायचे.

माणूस साधा, पण एका बाबतीत महागर्विष्ठ. आपल्या हातून आजवर एका काना-मात्रेची चूक झालेली नाही, हे ते पहिल्या भेटीत सांगत आणि दुसऱ्या भेटीत पुन्हा सांगत. गिऱ्हाइकाने चुकीचं लिहून दिलं तर सुधारून देत. गिऱ्हाईक ऐकेना तर डबे उचलून चालू पडत. एका खानावळवाल्याने 'शुद्ध'मधले द आणि ध उलटसुलट लिहून दिले होते आणि वर हट्ट धरला की आमच्याकडे असंच लिहितात. काकांनी त्याला सांगितलं, मग तुमच्याकडे जेवणारेही तुमच्यासारखेच असतील, माझी पाटी त्यांना कळणार नाही. ते काम गेलं. काकूंनी विचारलं तेव्हा म्हणाले, बरं झालं, रंग वाचला.

त्यातही काचकाम म्हणजे त्यांचा खास प्रांत. दुकानाच्या काचेवरची अक्षरं आतल्या बाजूने रंगवायची असतात, म्हणजे पावसापाण्याला ती टिकतात. पण आतून रंगवायची म्हणजे उलटी रंगवायची, बाहेरच्याला सुलटी दिसावीत म्हणून. बाकीचे पेंटर त्यासाठी आधी कागदावर छाप काढत, तो उलटा करून काचेला लावत आणि घाम पुसत बसत. काका नुसता ब्रश घेऊन उजवीकडून डावीकडे सरळ लिहीत सुटायचे. उलटं-सुलटं हा भेदच त्यांच्या डोळ्यांना उरला नव्हता. सलूनमध्ये दाढी करताना समोरच्या आरशातून ते मागच्या बाकावरच्या माणसाचं वर्तमानपत्र वाचत, आणि त्याने पान उलटलं की त्याला म्हणत, जरा थांब, माझं व्हायचंय.

काकू काजं करायच्या. हातची काजं, कोटाची आणि शर्टाची. चार शिंप्यांचं काम त्यांच्याकडे यायचं आणि चारही शिंपी म्हणायचे की मशीनचं काज या हातासमोर झक मारतं. सकाळी आवरून झालं की पूर्वेच्या खिडकीत ऊन यायचं, त्यात खुर्ची टाकून त्या बसायच्या आणि ऊन सरेपर्यंत उठायच्या नाहीत. आठ वर्षांपूर्वी डोळ्यांच्या पडद्याने दगा दिला. आधी मधलं दिसेना, मग कडेचं, आणि आता नुसता उजेड-अंधार कळायचा. सुई सुटली, पण खुर्ची आणि खिडकी सुटली नाही. घरात त्या भिंतीवर एक बोट ठेवून इतक्या सहज वावरत की नव्या माणसाला चहाचा कप हातात पडेपर्यंत काही कळायचंच नाही.

समोर, जिन्याच्या पलीकडे, ३०२ मध्ये बाई राहत. एकट्या. सकाळच्या शाळेत शिकवायच्या, साडेसहाला बाहेर पडायच्या. बदलीवर या गावात आल्या तेव्हा घर त्यांच्या भावाने बघून, कागद करून ठेवलेलं होतं. बाईंनी ते पहिल्यांदा पाहिलं ते थेट कुलूप उघडून. त्यांच्या खिडक्या पश्चिमेला होत्या आणि पश्चिमेला हातभर अंतरावर शेजारच्या गोदामाची उंच भिंत. बाई भर दुपारी दिवा लावून वह्या तपासत. यावर त्या तक्रार करायच्या नाहीत, थट्टा करायच्या. म्हणायच्या, माझ्याकडे कायम संध्याकाळ असते, म्हणून चहा केव्हाही मिळेल. काकूंचं आणि त्यांचं चांगलं जमायचं. गेल्या वर्षी निवृत्त झाल्यावर बाईंनी घर विकलं आणि त्या भाचीकडे राहायला गेल्या.

घर घेणारा माणूस राहण्यासाठी घरं घेत नव्हता. घ्यायची, भाड्याने द्यायची, पुन्हा दुसरं घ्यायचं, असा त्याचा व्यवसाय. प्रत्येक घराची वेगळ्या रंगाची फाइल असायची, म्हणून इमारतीत त्याचं नाव पडलं फाइलवाला. बाईंचं घर त्याने येऊन पाहिलं, किल्ली घेतली, कुलूप लावलं आणि गेला. मग दोन महिन्यांनी मोजणीदाराला घेऊन आला. त्या मोजणीदाराने खिडकीत उभं राहून समोरच्या भिंतीकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, यात पूर्वेस रस्ता लिहिलाय. रस्ता कुठाय?"

तिथून ती नोटीस निघाली.

सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहायचे. औषधांचं दुकान चालवणारा नेमस्त माणूस; वीस वर्षं सेक्रेटरी होता, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं. त्यांनी एक वकीलबाई गाठल्या. तिशीच्या, झपझप बोलणाऱ्या. त्यांनी सगळ्या सहा घरांची खरेदीखतं मागवली आणि नगरपालिकेतून मंजूर नकाशाची नक्कल काढली. रविवारी सकाळी सेक्रेटरींच्या जेवणाच्या टेबलावर तो नकाशा पसरला गेला. भोवती सगळी घरं उभी.

"प्रत्येक खतात चतुःसीमा असते," वकीलबाई म्हणाल्या. "पूर्वेस काय, पश्चिमेस काय, उत्तरेस, दक्षिणेस काय. ती कोणीच वाचत नाही. लोक नंबर बघतात आणि सही करतात. आता बघा. शेवटचा आकडा एक असलेली सगळी घरं नकाशात पश्चिमेला आहेत, आणि दोनवाली पूर्वेला."

सेक्रेटरी स्वतः १०१ मध्ये राहत होते आणि त्यांच्या खिडकीतून त्या वेळी रस्त्यावरचं ऊन टेबलावर पडलेलं होतं.

"म्हणजे तिसऱ्या मजल्याचंच नाही?" त्यांनी विचारलं.

"तिन्ही मजले. सगळेजण एकमेकांच्या घरात राहताय. सत्तावीस वर्षं."

दुसऱ्या मजल्यावरचा केबलवाला समोरच्याकडे वळून म्हणाला, "म्हणजे मी बाथरूमला नवी फरशी घातली ती तुझ्या?" समोरचा म्हणाला, "आणि गळती माझी." यावर दोघंही हसले, पण हसू फार टिकलं नाही. एकीने खुर्ची ओढून घेतली आणि ती बसून राहिली. गृहकर्ज, वारसपत्र, मुलीच्या नावाने केलेलं बक्षीसपत्र, प्रत्येकाला आपापल्या कपाटातला एकेक कागद आठवत होता आणि तो दुसऱ्याच्या घराचा निघत होता.

"पण दारांवर नंबर कोणी घातले?" वकीलबाईंनी विचारलं.

"बिल्डरने," कोणीतरी म्हणालं. बिल्डर केव्हाच देवाघरी गेला होता, त्यामुळे त्याच्यावर काहीही ढकलायला हरकत नव्हती. सेक्रेटरी म्हणाले, "रंगवले पेंटरकाकांनी. पण ते नकाशावरूनच रंगवले असणार. काकांचं चुकणं शक्यच नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांनीही डोलावली. मात्र जिना चढताना ते प्रत्येक दारावरचा आकडा थांबून बघत गेले.

काकांना सवय होती, कामाचा एकही छाप टाकून द्यायचा नाही. पलंगाखाली पत्र्याची मोठी पेटी होती, तिच्यात चाळीस वर्षांचे पातळ कागद गुंडाळून ठेवलेले. दुपारी काकूंचा डोळा लागला तेव्हा त्यांनी पेटी ओढली. इमारतीचा कागद तळाशी सापडला. तो दिवस त्यांना स्पष्ट आठवला. साइटवरच्या इंजिनिअरकडे नकाशाची एकच प्रत होती, ती तो हातची सोडायला तयार नव्हता. काकांनी त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलने घाईघाईत छाप काढला, जिना, दोन बाजूंचे चौकोन, चौकोनांत आकडे, आणि तो घेऊन ते डबा-ब्रशसकट वर गेले.

त्यांनी कागद खिडकीसमोर धरला. ३०१ पूर्वेला, ३०२ पश्चिमेला. स्वच्छ वाचता येत होतं. काकांनी सुस्कारा सोडला. चूक इंजिनिअरच्या नकाशात होती, किंवा नगरपालिकेच्या, किंवा त्या चुरचुरीत वकीलबाईंच्या. त्यांनी अंगठ्याने आकड्यावरची धूळ पुसली. अंगठ्याला काळं लागलं नाही. जुनी का होईना, पेन्सिल होती. थोडी तरी हाताला लागायला हवी होती. त्यांनी कागदाच्या पाठीमागून बोट फिरवलं. बोटाला काळं लागलं.

पेन्सिल मागच्या बाजूला होती. म्हणजे कागद आत्ताही उलटा धरलेला होता. आकडे त्यांच्यासमोर उलटे होते आणि ते त्यांना सुलटे वाचत होते, सत्तावीस वर्षांपूर्वी वाचले होते तसेच. दुसऱ्या कुठल्याही माणसाने तो कागद हातात घेतल्याबरोबर म्हटलं असतं, अरे, हा उलटा आहे. सगळ्या गावात ही चूक करू शकणारा एकच माणूस होता आणि बिल्डरने नेमका त्याला बोलावलं होतं.

काका जमिनीवर बसले. पलंगाची कड धरून पुन्हा उठायला त्यांना बराच वेळ लागला. एवढा धक्का त्यांना वडील गेले तेव्हाही बसला नव्हता. वडील आजारी तरी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तो कागद आणि सेक्रेटरींना बरोबर घेऊन वकीलबाईंच्या ऑफिसात गेले. मान खाली घालून सगळं सांगितलं. वकीलबाईंनी कागद उलटा केला, सुलटा केला, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"काका, हे सोनं आहे," त्या म्हणाल्या. "मला हेच हवं होतं."

"माझी चूक?"

"तुमची चूक. बघा, प्रत्येकाने जे घर पाहिलं, ज्याची किल्ली घेतली, ज्यात संसार केला, तेच त्याला घ्यायचं होतं. फक्त कागदात दुसरं लिहिलं गेलं. चूक प्रामाणिक होती हे सिद्ध झालं की कोर्ट कागद दुरुस्त करून देतं. फाइलवाल्यानेही किल्ली घेतली ती पश्चिमेच्याच घराची. घर जागच्या जागी राहील, कागद बदलेल."

"प्रामाणिक म्हणजे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"म्हणजे कोणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांनी तसं प्रतिज्ञापत्र द्यायचं, नवरा आणि बायको दोघांनी. एकालाही आधीपासून माहीत असेल तर त्या घरापुरता तरी मुद्दा पडला."

"आणि इतकी वर्षं राहिलो म्हणून घर आमचं, असं नाही म्हणता येत?"

"येतं. पण मग म्हणावं लागेल की दुसऱ्याचं आहे हे माहीत असूनही उघडपणे बळकावून बसलो होतो. म्हणणार का तसं?"

"छे," काका म्हणाले.

त्या आठवड्यात इमारतीला कळलं. कोणी काकांना वेडंवाकडं बोललं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. केबलवाला जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "काका, एकदा चुकलात, पण पूर्ण इमारत कव्हर केलीत." बाईंची सही भाचीच्या गावाहून पोस्टाने आली. मला माहीत नव्हते, या वाक्याखाली त्यांची ठसठशीत सही होती आणि सोबत चिठ्ठी. त्यांनी लिहिलं होतं, पेंटरांच्या हातून अशी चूक होणे संभवत नाही, कृपया पुन्हा तपासून पाहावे. सेक्रेटरींनी ती चिठ्ठी काकांना दाखवली, आणि काका जिन्याच्या पायरीवर बसून राहिले.

घरी मात्र त्यांनी सांगितलं नाही. कागदात काहीतरी गोंधळ झालाय, एवढंच म्हणाले. काकूंनी विचारलं, "सगळं निभेल ना?" काका म्हणाले, "निभेल." काकू म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तेच मी म्हणेन." काकांना वाटलं, बिचारीला कायद्यातलं काही कळत नाही.

काकूंना दिसत नसल्यामुळे कागद त्यांना वाचून दाखवणं भाग होतं. तसं वाचून दाखवलं, असं खाली लिहावं लागतं. म्हणून मंगळवारी सकाळी वकीलबाई घरी आल्या. काकू खिडकीत होत्या, ऊन त्यांच्या मांडीवर होतं. वकीलबाईंनी समोर स्टूल ओढलं आणि कोर्टातल्यासारखं भरभर वाचायला सुरुवात केली.

"...सदर पेंटर यांनी मंजूर नकाशाचा छाप अनवधानाने उलट्या बाजूने धरल्यामुळे दारांवरील क्रमांक..."

"थांबा जरा," काकू म्हणाल्या. "अनवधानाने म्हणजे?"

"म्हणजे चुकून, काकू. लक्षात न येता."

"कोणाच्या लक्षात न येता?"

वकीलबाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी घसा खाकरला. "माझ्या. सांगणार होतो तुला. कागद उलटा होता आणि मला कळलंच नाही."

"चुकून?"

"चुकून."

काकूंनी मान त्यांच्या आवाजाकडे वळवली. "आता या समोर बसल्यात म्हणून म्हणताय ना?"

"नाही गं. खरंच चुकून. पुरावा आहे त्याचा."

मांडीवरच्या उन्हात काकूंचे हात होते, ते त्यांनी एकमेकांत घट्ट धरले.

"घर घेताना खत वाचलं ना रजिस्ट्रीच्या ऑफिसात, त्या दिवशी तुमचं लक्ष नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही भिंतीवरच्या पाटीकडे बघत होतात, त्यातली वेलांटी चुकली होती म्हणून. मी ऐकत होते. पश्चिमेस गोदामाची भिंत, असं वाचलं त्यांनी. मी आधीच एकदा इंजिनिअरबरोबर वर जाऊन बघून आले होते, कुठली बाजू आपली ते. अंधार होता नुसता. मी काही बोलले नाही तुम्हाला. कसंबसं घर होत होतं, त्यात माझ्या काजांचं काय घेऊन बसायचं. मग सामान घेऊन आलो, आणि बघते तर आपला नंबर उन्हाच्या दारावर."

काका तिच्या मांडीवरच्या उन्हाकडे बघत राहिले.

"तुम्ही कधी चुकत नाही, हे मला माहीत होतं," काकू म्हणाल्या. "गावाला माहीत होतं. म्हणजे मुद्दामच केलं असणार. एकट्या आपल्या मजल्याचा नंबर बदलला तर डोळ्यांवर येईल, म्हणून तिन्ही मजल्यांचे बदलले. माझ्यासाठी. बोलून दाखवायचा तुमचा स्वभाव नाही, म्हणून मीही कधी बोलले नाही. रोज सकाळी इथे बसले की मनात यायचं, या माणसाने आपल्या कामाची इज्जत पणाला लावली, माझ्या डोळ्यांसाठी."

वकीलबाईंनी हातातला कागद हळूच खाली घेतला.

"मग मी इतकी वर्षं खूश होते ती कोणावर?" काकूंनी विचारलं.

बायकोच्या मनात अडतीसपैकी सत्तावीस वर्षं एक भला माणूस राहत होता, आणि तो ते नव्हतेच. तिच्या डोळ्यांचा विचार त्यांच्या मनात त्या वेळी आलाच नव्हता. अंधारं घर मिळालं असतं तर त्यांनी तिला म्हटलं असतं, दिवा लाव. त्यांची त्यांनाच इतकी लाज वाटली की ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

वकीलबाईंनी आधी स्वतःला सावरलं. "काकू, मी यातलं काही ऐकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही इथे अंगठा करा. उरलेलं माझ्यावर सोडा."

"काय लिहिलंय अंगठ्याच्या वर?"

"मला माहीत नव्हते, असं."

"पण मला होतं."

"सगळ्यांनी सही केलीय त्यावर. बाईंनीसुद्धा."

"त्यांना नव्हतंच माहीत. त्या दिवसा दिवा लावून बसायच्या आणि मी इथे. मी त्यांच्या वाटणीचं ऊन घेतलं, आणि वर त्यांच्या हातचा चहा प्यायले."

वकीलबाई कपाळ चोळत म्हणाल्या, "मग एक दुसरा रस्ता आता उघडा आहे. माहीत असून, उघडपणे इतकी वर्षं घर ताब्यात ठेवलं, असं म्हणायचं. वेळ लागेल, पण..."

"उघडपणे कुठे?" काकू म्हणाल्या. "तोंड शिवून बसले होते मी."

वकीलबाई काकांकडे वळल्या. "काका, तुम्ही समजवा. नाहीतर घर जाईल. समोरच्या घरात जावं लागेल. तिथे सगळं उलट्या बाजूला आहे, ओटा, न्हाणीघर, सगळं. काकूंना कसं जमेल?"

काकांनाही तेच भेडसावत होतं. या घरात तिचं बोट कुठल्या भिंतीवरून कुठे वळतं, ते त्यांना पाठ होतं. तिथे ती प्रत्येक वळणावर आपटली असती, या वयात, या डोळ्यांनी. अंगठा कर, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं. तिने केलाही असता. आयुष्यभर तिने त्यांचं ऐकलं होतं, आणि कशाच्या जोरावर ऐकलं होतं ते आत्ता कळलं होतं.

"आमच्या घराचं नाव काढा त्यातून," ते म्हणाले. "बाकीच्यांचं होऊ द्या. माझी साक्ष देतो मी."

"काका, विचार करा."

"तिला माहीत होतं. तसं लिहून द्या."

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं. निघताना त्यांनी वाकून काकूंचा हात धरला.

घरात ऊन तसंच होतं. काकू म्हणाल्या, "बाईंना फोन लावून द्या. कोर्टाच्या कागदातून कळायला नको त्यांना."

"आत्ता?"

"आत्ताच. नंतर धीर व्हायचा नाही."

काकांनी नंबर फिरवला, आवाज मोठा केला आणि फोन काकूंच्या हातात दिला. पलीकडून बाईंचा तोच हसरा आवाज आला, "बोला वहिनी, कागदाची चूक सापडली का? मी कळवलं होतं, पेंटर चुकणार नाहीत."

"चुकले ते," काकू म्हणाल्या. "पण त्यांना माहीत नव्हतं. मला होतं, बाई. पहिल्या दिवसापासून." आणि त्यांनी सगळं सांगितलं, न थांबता, काही न गाळता. उन्हाचं घर बाईंचं होतं, बाईंच्या भावाने त्यांच्यासाठी निवडलेलं, आणि हे आपल्याला रोज माहीत होतं. माफी त्यांनी मागितली नाही. म्हणाल्या, "माफ करा म्हणायलाही लाज वाटते मला."

फोन कट झाला की काय म्हणून काकांनी वाकून पाहिलं. तो चालूच होता.

"वहिनी," बाई शेवटी म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता, पण त्यातली थट्टा गेली होती. "मी साडेसहाला शाळेत जायचे. म्हणून मला कधी कळलं नाही. तिकडे सकाळी ऊन किती वाजता येतं?"

काकूंनी फोन काकांच्या दिशेने पुढे केला. काकांनी तो घेतला.

"साडेसातला," ते म्हणाले. "साडेअकरापर्यंत असतं."